घराजवळ मधमाश्यांचा थवा बसल्यास काय करावे?

वसाहतीत माश्या वाढल्या की जुनी राणी बऱ्याच कामकरी माश्यांसह बाहेर पडते. हा थवा झाडाला किंवा वळचणीला घोसासारखा लटकतो. राखायला पोळे व पिल्ले नसल्याने तो सहसा डंख मारत नाही; बहुधा एक-दोन दिवसांत निघून जातो.

तोवर मुले व जनावरे दूर ठेवा. दगड, जाळ किंवा कीटकनाशक वापरू नका. याच माश्या कांदा बीजोत्पादनात व वेलवर्गीय भाज्यांत परागीभवन करतात.

सातेरीचा थवा प्रशिक्षित मधपाळ संध्याकाळी पेटीत भरू शकतो. आग्या माश्या पेटीत राहत नाहीत. त्यांच्या जवळ जाऊ नका.

माश्या अंगावर आल्यास तोंड झाकून घरात शिरा, दार लावा. काटा लगेच नखाने खरवडून काढा. खूप डंख झाल्यास किंवा श्वास घ्यायला त्रास झाल्यास तातडीने रुग्णालय गाठा.