वाळीत टाकण्याचा इतिहास आणि करडे गाव

उर्दू शाळेत शिकवणाऱ्याला तालीम आणि तर्बियत या दोन शब्दांतला फरक समजावून सांगावा लागत नाही. तालीम पुस्तकातून मिळते आणि तिची परीक्षा घेता येते. तर्बियत घरात, मोहल्ल्यात, मशिदीच्या हौदावर, लग्नाच्या मांडवात मिळते. वडीलधाऱ्यांसमोर आवाज कुठवर चढू द्यायचा, कोणाच्या दुःखाला गेलेच पाहिजे, कोणाच्या दारात पाणी मागायचे नाही, हे पोर कधी शिकले ते त्यालाही सांगता येत नाही. बी.एड.च्या वर्गात याच गोष्टीला ‘सामाजीकरण’ म्हणतात आणि त्याच्याच पाठोपाठ ‘सामाजिक नियंत्रण’ हा घटक येतो. नियंत्रणाचे दोन प्रकार आम्ही पाठ केले. कायदा, पोलीस, न्यायालय हे औपचारिक, तर निंदा, टिंगल, बहिष्कार हे अनौपचारिक. उदाहरणे बहुधा अमेरिकेतली किंवा गावाचे नावच नसलेली. शिरूर तालुक्यातले करडे हे गाव त्या धड्यात यायला हवे होते. १८७४ सालच्या डिसेंबरात तिथे जे घडले, त्यावर समाजशास्त्राचा अख्खा घटक शिकवता येईल.

दख्खनच्या दंग्यांबद्दल ज्यांनी थोडेफार वाचले आहे, त्यांना सुपे गाव ठाऊक असते. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, सुप्यात सावकारांची घरेदुकाने फोडून कर्जरोखे जाळले गेले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. पण सुप्याच्या आधी करडे आहे आणि करड्यात आग नव्हती. तिथे होते ते फक्त गाव.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तेव्हा तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकारांनी हात सैल सोडून कर्जे दिली. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि नेमक्या त्याच सुमारास, १८६७ नंतर, सरकारने सारा वाढवायला घेतला. त्यात १८५९चा मुदतीचा कायदा. कर्जाच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत घालून कुणब्याचे भले होईल, असा सरकारचा हिशेब होता. झाले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागला आणि अक्षरशत्रू कुणबी त्यावर नांगराची निशाणी करू लागला.

याहून खोल बदल एक होता. पेशवाईतला सावकारही काही देवदूत नव्हता. पण त्याला पाटलाशी, पंचायतीशी, गावाच्या तोंडाशी जुळवून घ्यावे लागे. वसुली गावाच्या मर्जीने होई. इंग्रजांचे दिवाणी कोर्ट आले आणि सावकाराला गावाची गरज उरली नाही. रोखा दाखवावा, डिक्री घ्यावी, बेलिफ आणावा. जॉर्ज विंगेटसारख्या अधिकाऱ्याने १८५२ सालीच सरकारला लिहिले होते की सावकार आणि रयत यांचे जुने नाते या कायद्याने मोडले आहे. धड्याच्या भाषेत सांगायचे तर औपचारिक नियंत्रण आले आणि अनौपचारिक नियंत्रणाची धार गेली. निदान करड्याच्या कालूरामला तसे वाटले असावे.

कालूराम मारवाडी हा करड्याचा सावकार. बाबासाहेब देशमुख हा त्याचा ऋणको. चांगल्या घराण्यातला, गावात वजन असलेला माणूस. कालूरामने दीडशे रुपयांची डिक्री मिळवली आणि लिलावात देशमुखाची घरजमीन विकत घेतली. घरात राहू द्या, भाडे देतो, अशी देशमुखाची मागणी होती. कालूराम ते घर पाडायला निघाला. जमीन गेली तर गाव हळहळते. वाडा पाडणे ही मात्र गावाच्या दृष्टीने बेअब्रू होती. कोर्टाच्या लेखी दोन्ही एकच, मालमत्ता. इथेच कालूरामचे चुकले. गावात राहूनही गावाची तर्बियत त्याच्या अंगी लागलेली नव्हती.

करड्याने मग कालूरामला आणि त्याच्यासारख्या सावकारांना वाळीत टाकले. त्यांच्या दुकानातून कोणी जिन्नस घ्यायचा नाही, त्यांचे शेत कोणी कसायचे नाही, पाणी भरायचे नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही. कोर्टाची डिक्री कालूरामच्या हातात होती. पण हजामत करवून घेण्याची डिक्री कुठल्याही कोर्टातून मिळत नाही. शेवटी त्याला गाव सोडावे लागले. ही खबर आसपासच्या गावांत पोचली आणि तिथेही हाच मार्ग धरला गेला.

या गावांनी आपसात लेखी करार केले, त्यांना ‘समापत्र’ म्हणत. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने त्यांची दखल घेतली. आयोगाचा अहवाल १८७६ सालचा. तो पुढे ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवला गेला. समापत्रांतला मजकूर बारकाईने पाहावा असा आहे. त्यात धमकी सावकाराला दिलेली नाही. जो कोणी गावकरी सावकाराचे शेत करील, त्याची चाकरी करील, त्याला न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार मिळणार नाही. भाऊबंद त्याला पंगतीला घेणार नाहीत. त्याच्याशी सोयरीक होणार नाही. म्हणजे बहिष्कार सावकारावर होता, पण शिक्षा आपल्याच माणसाला होती.

मला वाटते सामाजिक नियंत्रणाचे गुपित इथेच आहे. बाहेरच्याला गाव लाज आणू शकत नाही, कारण त्याची लाज दुसऱ्या गावी, दुसऱ्या बिरादरीत ठेवलेली असते. गाव धाकात ठेवू शकते ते फक्त आपल्या तर्बियतीत वाढलेल्याला. ज्याची मुलगी याच पंचक्रोशीत द्यायची आहे, ज्याच्या मयताला हेच चार खांदे लागणार आहेत, त्याच्यासाठी पंगतीतला पाट हा तुरुंगाहून मोठा धाक असतो. इब्न खलदूनने १३७७ साली ‘मुकद्दिमा’त ‘असबिय्या’ची मांडणी केली, एकमेकांसाठी उभे राहण्याची, एका रक्ताची असल्यासारखी जी ओढ, तिच्यावर सत्ता उभी राहते असे त्याचे म्हणणे. दुर्खेमने १८९३ साली पुस्तक लिहून सांगितले की सगळे सारखेच जगतात अशा समाजात एकाचा अपराध सर्वांना जिव्हारी लागतो. अमेरिकेत रॉसने ‘सामाजिक नियंत्रण’ याच नावाचे पुस्तक काढले ते १९०१ साली. करड्याच्या कुणब्यांनी यांपैकी कोणाचे काही वाचलेले नव्हते, आणि वाचायची गरजही नव्हती.

आणखी एक गंमत. ‘बॉयकॉट’ हा इंग्रजी शब्द तेव्हा जन्मलाच नव्हता. आयर्लंडच्या मेयो परगण्यात कॅप्टन बॉयकॉट नावाच्या कारभाऱ्याला कुळांनी वाळीत टाकले ते १८८० साली. त्याचे पीक काढायला बाहेरून सुमारे पन्नास मजूर आणावे लागले आणि त्यांच्या रक्षणाला फौज उभी करावी लागली. मराठीत ‘वाळीत टाकणे’ आणि आपल्या घरांत ‘हुक्का-पानी बंद’ हे शब्द त्याच्या कितीतरी आधीचे. नाव आयर्लंडच्या वाट्याला गेले, एवढेच.

मग करड्यात जे शांततेने झाले ते सुप्यात आगीवर का गेले? माझा तर्क असा. करडे हे एक गाव होते. तिथे प्रत्येकाला प्रत्येकाचे तोंड ओळखीचे. सुपे बाजाराचे गाव. त्या दिवशी आसपासच्या गावांचे लोक तिथे जमले होते. बाजारातल्या गर्दीला पाटील नसतो आणि पंगतही नसते. तिच्यावर समापत्राचा धाक चालत नाही. पुढच्या काही आठवड्यांत दंगे पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले, लष्कर आले, ९५१ जणांना पकडले आणि ५०१ जणांना शिक्षा झाल्या. तरीही या गर्दीच्या हातून माणसे फारशी मारली गेली नाहीत. तिला हवे होते कागद. कागद मिळाले की सावकाराला सोडून देत. आयोगाने टिपलेली दुसरी गोष्ट अधिक बोचरी आहे. रोष मारवाडी आणि गुजर सावकारांवर होता. तेच व्याज लावणाऱ्या गावातल्याच ब्राह्मण सावकाराला बहुतेक ठिकाणी धक्का लागला नाही. अन्यायाची चीड खरी होती, पण ती कोणावर काढायची हे तर्बियतीने ठरवले.

सरकारने १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा केला. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद झाले, रोख्यांची नोंद गावपातळीवर होऊ लागली, तडजोड करणारे मध्यस्थ नेमले गेले. म्हणजे कोर्टाने गावाचे जे काढून घेतले होते, त्यातले थोडे परत केले.

करड्याची गोष्ट एवढ्यावर सोडली तर ती गोड वाटेल. पण ज्या बलुतेदारांच्या हातून हा बहिष्कार राबवला गेला, त्यांना कोणी विचारले होते? ग्रँट डफने दिलेल्या बलुत्यांच्या यादीत मुलाणीही आहे. बोकड हलाल करायचा, मशिदीची दिवाबत्ती करायची आणि खळ्यावर आपला वाटा घ्यायचा, हे त्याचे काम. मारवाड्याला मुलाण्याची गरज ती काय पडणार, हा भाग वेगळा. पण न्हावी, परीट, चांभार, मुलाणी, महार या सगळ्यांचे पोट कुणब्याच्या खळ्यावर होते. खळे ज्याचे, बहिष्कारही त्याचा. त्रिंबक नारायण आत्र्यांचे ‘गावगाडा’ (१९१५) ज्यांनी वाचले आहे, त्यांना हा गाडा कोणाच्या खांद्यावरून चालत असे ते ठाऊक आहे.

म्हणूनच पन्नास वर्षांत तेच हत्यार दुसऱ्या दिशेने फिरलेले दिसते. मुंबई सरकारने १९२८ साली स्टार्ट समिती नेमली, डॉ. आंबेडकर तिचे सभासद होते. १९३० सालच्या तिच्या अहवालात हेच आले की अस्पृश्यांनी विहिरीवर, रस्त्यावर आपला हक्क बजावला की सवर्ण गावकरी बहिष्कार घालतात. मजुरी बंद, कसायला दिलेली जमीन काढून घेणे, बलुते बंद, वाण्याकडून मीठ-मिरचीही बंद. करड्यातल्या यादीशी ही यादी ताडून पाहावी. कालूराम उठून दुसऱ्या गावी जाऊ शकत होता. महार कुठे जाणार?

आपल्या घरात डोकावल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. मुंबई प्रांताने १९४९ साली बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो रद्द केला; धर्माच्या कारणाने बहिष्कृत करणे हा पंथाच्या धार्मिक व्यवहाराचा भाग मानला गेला. सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत वेगळे पडले. मशीद, कबरस्तान, नातीगोती सगळे तुटले तर माणूस जिवंतपणी मेल्यासारखा होतो, हे त्यांच्यापुढे होते. असगर अली इंजिनियर यांनी हा बहिष्कार वर्षानुवर्षे सोसला. २०२३ साली घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला. आणि हे फक्त बोहऱ्यांचे आहे असे समजून आपण सुन्नींनी नामानिराळे राहू नये. जनाजाला येणार नाही, कबरीला जागा देणार नाही, ही धमकी आपल्या जमातींतही ऐकू येते. ती बहुधा बोलून दाखवावीही लागत नाही. ‘लोग क्या कहेंगे’ एवढे आईने म्हटले की पुरते.

महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा मंजूर केला आणि ३ जुलै २०१७ पासून तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा कायदा समाजाच्या सदस्याला त्याच्याच समाजाने टाकलेल्या वाळीपासून संरक्षण देतो. करड्याचे समापत्र आज लिहिले गेले तर कालूराम त्या व्याख्येत बसेल की नाही, यावर वकील वाद घालतील. पण पोटासाठी कालूरामचे शेत कसायला गेलेला आणि म्हणून पंगतीतून उठवला गेलेला करड्याचा कुणबी मात्र त्यात पहिल्याच वाक्यात बसतो.