मूळचे कुठले?

बीएडच्या पहिल्याच आठवड्यात एका सहाध्यायाने विचारले, "तुम्ही कुठले?" मी म्हणालो, "मालेगावचा." "ते झालं हो, पण मूळचे?"

मूळ शोधायचे तर १८५७ नंतरच्या काळात जावे लागते. उठाव चिरडला गेला होता, विलायती कापडाने हातमाग बसत चालला होता. मऊ, आझमगड, बनारसकडचे मोमीन विणकर घरदार सोडून दक्षिणेकडे निघाले. त्यातल्या अनेकांनी मुंबई-आग्रा रस्त्यावरच्या मालेगावात, मोसम नदीकाठी माग मांडले.

बोली पुरबी, शेजारी मराठी. अशा गावात बस्तान बसवायचे कसे? या विणकरांनी इथल्या बायका नेसत ती रंगीत लुगडी विणायला घेतली. काठ केवढा हवा, कोणता रंग खपतो, हे गिऱ्हाइकाकडूनच समजून घ्यावे लागले असणार. म्हणजे मराठीशी आमची ओळख शाळेआधी बाजाराने करून दिली. यंत्रमाग आले ते पुढे, १९३०च्या दशकात.

आज माझ्या वर्गातल्या मुलांनाही बाहेर तोच प्रश्न विचारला जातो. मी त्यांना सांगतो, "बाळांनो, चिडू नका. एवढंच सांगा, तुमच्या आजीच्या आजीनं नेसलेलं लुगडं कदाचित आमच्या पणजोबांनी विणलं असेल."