कापसाची शहरे आणि नागरिकांचे आरोग्य : अमरावती व अकोला यांचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

‘वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण वऱ्हाडच्या काळ्या कसदार जमिनीचा गौरव करते. या जमिनीने कापूस दिला, कापसाने बाजारपेठा दिल्या आणि बाजारपेठांनी अमरावती व अकोला या शहरांना आधुनिक रूप दिले. परंतु ज्या प्रदेशात ही शहरे वाढली, त्या प्रदेशात पिण्यायोग्य पाणी विपुल नव्हते. व्यापारासाठी आवश्यक अशी रेल्वे, बाजार व कारखाने त्वरेने उभे राहिले. वस्तीसाठी आवश्यक अशी नळयोजना, गटारे व रुग्णालये मात्र दीर्घकाळ रेंगाळली. शासनाने साथीच्या प्रसंगी कठोर निर्बंध घातले, तर दैनंदिन आरोग्याचा भार बहुतांशी नागरिक व सेवाभावी संस्था यांच्यावरच राहिला. प्रस्तुत लेखात या विभागणीचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

रेल्वे आधी, पाणी नंतर :

१८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा प्रदेश इंग्रजांच्या व्यवस्थापनाखाली दिला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी वऱ्हाडाकडे वळली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग अकोला व बडनेरामार्गे १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अमरावती मुख्य मार्गापासून काहीशी बाजूला राहिली. तिला बडनेऱ्याहून शाखामार्गाने जोडण्यात आले. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडत्यांच्या पेढ्या, गाडीतळ आणि हंगामी मजुरांची वस्ती यांनी दोन्ही शहरांचे स्वरूप पालटले.

अमरावतीच्या रचनेत या बदलाची खूण आजही वाचता येते. जुनी वस्ती परकोटाच्या आत, अंबागेट, खोलापुरी गेट व जवाहर गेट यांच्या दरम्यान दाटलेली. तर इंग्रज अधिकाऱ्यांचे बंगले मोकळ्या ‘कॅम्प’ भागात. एकाच शहरात हवा, पाणी व मोकळी जागा यांची वाटणी अशी विषम झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या वडाळी व छत्री या तलावांनी अमरावतीची तहान काही प्रमाणात भागविली. अकोल्याची वस्ती मोर्णा नदीच्या दोन्ही काठांवर वाढली. मात्र शहराच्या वाढीबरोबर नदी सांडपाण्याची वाहिनी होत गेली.

साथी आणि कायदा :

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि १८९७ मध्ये साथरोग प्रतिबंधक कायदा संमत झाला. हा कायदा अवघ्या काही कलमांचा असून त्याने शासनाला तपासणी, अटकाव व विलगीकरण यांचे व्यापक अधिकार दिले. स्वच्छ पाणी वा गटारे पुरविण्याचे कोणतेही दायित्व त्याने शासनावर टाकले नाही. हे वैगुण्य योगायोगाचे नसून त्या राज्यव्यवस्थेच्या दृष्टिकोनाचेच द्योतक म्हणावे लागते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले. पुण्यातील प्लेग बंदोबस्त, रँडचा वध आणि राजद्रोहाखाली लोकमान्य टिळकांना झालेला कारावास यांची गडद छाया त्या अधिवेशनावर होती. आरोग्यविषयक उपाय जनतेच्या विश्वासाशिवाय राबविले गेल्यास ते जुलूम ठरतात, हा अनुभव तेथे जमलेल्या प्रतिनिधींना नवा नव्हता.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाने याहून भीषण हानी केली. हिंदुस्थानात सर्वाधिक मृत्युदर नोंदविलेल्या प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाड यांचा समावेश होता. त्याच वर्षी पाऊस अपुरा झाला होता आणि धान्य महागले होते. अर्धपोटी माणसांवर साथीचा घाला पडला. साथीचा इतिहास केवळ जंतूंचा नसतो, तो धान्याच्या भावाचाही असतो, हे अशा वर्षांच्या अभ्यासातून ध्यानी येते.

एका शतकानंतरही कायदेशीर हत्यार तेच होते. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कोरोनाच्या पार्श्वभूमीवर १८९७ चाच कायदा लागू केला. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेची पहिली ठळक लक्षणे अमरावती व अकोला येथे दिसली आणि राज्याच्या इतर भागांत व्यवहार सुरळीत असताना या शहरांना पुन्हा टाळेबंदीस सामोरे जावे लागले. तेव्हा अमरावती शहरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय नव्हते. अकोल्यास ते २००२ मध्ये मिळाले. अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्थेचे डॉ. पंजाबराव देशमुख वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून कार्यरत होते. शासनाचे महाविद्यालय सुरू होण्यास २०२४ साल उजाडले. विभागीय मुख्यालयाच्या शहरात शिक्षण संस्था शासनाच्या ४० वर्षे पुढे होती, ही बाब धोरणाच्या अभ्यासकांनी दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कमावलेले शरीर आणि नाकारलेले शरीर :

सार्वजनिक आरोग्यात शासन मागे असताना वैयक्तिक आरोग्याच्या क्षेत्रात अमरावतीने देशाला आदर्श ठरावा असा प्रयोग केला. १९१४ मध्ये वैद्य बंधूंच्या पुढाकाराने श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन झाले. लाठी, मल्लखांब, कुस्ती, आसने व देशी खेळ यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण देण्याची व्यवस्था या संस्थेने उभी केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या चमूने तेथे भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. परतंत्र देशातील एका जिल्ह्याच्या गावातील आखाड्याने इतक्या दूर मजल मारावी, यामागे केवळ क्रीडाप्रेम नव्हते. दुर्बल ठरविल्या गेलेल्या समाजाने स्वतःचे शरीर स्वतः घडवावे, ही राष्ट्रीय भूमिका त्यामागे होती.

परंतु बलोपासनेच्या या विचारास एक मर्यादाही होती. जे शरीर व्यायामाने बलवान होऊ शकत नाही, ज्या शरीराकडे पाहणेही समाज टाळतो, त्याचे काय करावयाचे? या प्रश्नाचे उत्तरही अमरावतीतच शोधले गेले, हे या शहराच्या इतिहासाचे वैशिष्ट्य होय. होमिओपॅथीचे चिकित्सक, स्वातंत्र्यसैनिक आणि हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या कार्याशी निकटचा संबंध असलेले डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये विदर्भ महारोगी सेवा मंडळाची स्थापना केली. शहराबाहेरील ओसाड माळावर ‘तपोवन’ उभे राहिले.

या कार्याचे महत्त्व त्या काळच्या कायद्याशी ताडून पाहिल्यास अधिक स्पष्ट होते. कुष्ठरोगाचा जंतू १८७३ मध्ये हॅन्सन यांनी शोधला होता आणि हा रोग दैवी कोप वा पूर्वजन्मीचे पाप नव्हे, हे विज्ञानाने दाखवून दिले होते. तरीही १८९८ च्या कायद्याने निर्धन कुष्ठरुग्णास पकडून आश्रमात डांबण्याचा अधिकार दिला आणि काही व्यवसाय कुष्ठरुग्णांना वर्ज्य केले. कायद्याचा रोख रोगापेक्षा दारिद्र्यावर होता, असे म्हटल्यास ते वावगे ठरणार नाही. कारण सधन रुग्ण घरातच लपविला जाई आणि भीक मागणारा रुग्ण तेवढा रस्त्यावरून उचलला जाई. तपोवनात रुग्णास बंदिवान न मानता श्रमकरी मानले गेले. शेती व हातमाग यांसारखे उद्योग तेथे चालले. बऱ्या झालेल्यांना संसार थाटण्याची व त्यांच्या मुलांना शिकण्याची संधी मिळाली. १९५९ मध्ये डॉ. पटवर्धन यांना पद्मश्री सन्मान लाभला.

त्या काळी डॅप्सोनचा वापर नुकताच रूढ होत होता आणि उपचार वर्षानुवर्षे चालत. बहुविध औषधोपचाराची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये केली. तेव्हापासून हा रोग काही महिन्यांत बरा होऊ लागला. २००५ च्या अखेरीस भारतात रुग्णांचे प्रमाण दर १०,००० लोकसंख्येमागे एकाच्या खाली आले. औषधाला जे काही महिन्यांत साधले, ते कायद्याला मात्र फार सावकाश साधले. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून विविध वैयक्तिक कायद्यांतून वगळण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

झाडू हातात घेणारा कीर्तनकार :

याच जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ मध्ये जन्मलेले संत गाडगेबाबा यांनी आरोग्याचा विचार लोकभाषेत नेला. गावात पाऊल टाकताच रस्ते झाडावयाचे आणि रात्री कीर्तनातून अंधश्रद्धा, व्यसन व अस्वच्छता यांवर कोरडे ओढावयाचे, हा त्यांचा क्रम होता. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. अमरावतीत त्यांचे समाधिस्थळ आहे. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २०००-०१ पासून राबविलेले अभियान ‘ग्राम’ स्वच्छतेचे होते. शहरांचा कचरा यंत्रणेने हलवावयाचा असतो, तेथे एकट्या झाडूने भागत नाही. अकोल्यात १३ जानेवारी २०१८ रोजी जिल्हा प्रशासनाच्या पुढाकाराने हजारो नागरिक मोर्णेच्या पात्रात उतरले व जलपर्णी काढली. या मोहिमेची दखल देशपातळीवर घेतली गेली, ती रास्तच होती. तथापि शहराचे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत जात राहिले, तर सांडपाण्यावर पोसली जाणारी जलपर्णी पुन्हा वाढते. नागरिकांचे श्रम मैलापाणी शुद्धीकरणाची जागा घेऊ शकत नाहीत.

खारपाणपट्टा आणि शहरांची तहान :

वऱ्हाडातील आरोग्याचा सर्वांत चिवट प्रश्न मात्र जमिनीखाली आहे. गाविलगडच्या डोंगररांगांच्या दक्षिणेस पूर्णा नदीचे खोरे पसरले असून तेथे गाळाचे जाड थर साचले आहेत. चिकणमातीतून पाण्याचा निचरा होत नाही, क्षार धुऊन जात नाहीत आणि विहिरीचे पाणी मचूळ वा खारट लागते. अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांतील सुमारे ४,७०० चौ.कि.मी. क्षेत्र आणि जवळपास ९०० गावे या खारपाणपट्ट्यात मोडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत चालते. या पट्ट्यातील अनेक विहिरी ही दुसरी मर्यादाही ओलांडतात.

मुतखडा व मूत्रपिंडाचे विकार येथे घरोघरी चर्चिले जातात आणि लोक त्याचा दोष सरळ पाण्याला देतात. वैद्यकीय दृष्ट्या हा संबंध इतका सरळ नाही. वऱ्हाडी उन्हाळ्यातील शेतमजुरी, घामावाटे होणारी शरीरातील पाण्याची घट, पाणी बेचव असल्याने ते कमी पिण्याची सवय, वेदनाशामक गोळ्यांचा अनिर्बंध वापर व कीटकनाशके या साऱ्यांचा विचार करणे आवश्यक आहे. परंतु कारणे अनेक आहेत म्हणून गोड्या पाण्याची निकड कमी होत नाही. ८४ खेडी व ६४ खेडी अशा आकड्यांनीच ओळखल्या जाणाऱ्या प्रादेशिक योजना वान व काटेपूर्णा या धरणांवरून याच निकडीपोटी उभ्या राहिल्या.

शहरेही याच धरणांकडे पाहतात, आणि संघर्ष येथेच उद्भवतो. अमरावती १९८३ मध्ये महानगरपालिका झाली. पण तिचा पाणीपुरवठा महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे राहिला व पाणी सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणातून येऊ लागले. २००१ मध्ये महानगरपालिका झालेले अकोला महान येथील काटेपूर्णा धरणावर विसंबले. २०१७ च्या अपुऱ्या पावसानंतर हा साठा खालावला आणि अकोलेकरांना कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी मिळाले. अशा खंडित पुरवठ्याचे आरोग्यावरील परिणाम क्वचितच मोजले जातात. नळ बंद असताना रिकाम्या वाहिनीतील दाब घटतो व फुटक्या सांध्यांतून लगतच्या गटाराचे पाणी आत शिरते. घरात दीर्घकाळ साठविलेल्या पाण्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या डासांची पैदास होते. गॅस्ट्रो व डेंग्यू या अर्थाने पाणी वितरणाच्या वेळापत्रकाचेही आजार आहेत.

अकोला शहरासाठी वान धरणातून पाणी नेण्याच्या प्रस्तावास तेल्हारा परिसरातील शेतकऱ्यांनी विरोध केला. पुढे बाळापूर भागातील ६९ गावांच्या योजनेवरून वाद चिघळला आणि एप्रिल २०२३ मध्ये खारपाणपट्ट्यातील खारे पाणी टँकरमध्ये भरून अकोल्याहून नागपूरपर्यंत पदयात्रा काढण्यात आली. ती नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी रोखली. वानचे पाणी ओलितासाठी मागणारा शेतकरी आणि तेच पाणी पिण्यासाठी मागणारा खारपाणपट्ट्यातील ग्रामस्थ हे दोघेही कापूसच पिकवितात. त्यांच्यातील वाद शहर विरुद्ध खेडे असा मांडणे सोयीचे असले, तरी दीडशे वर्षांत या खोऱ्यात साठवण व वितरण यांचे नियोजन बाजाराच्या गतीने झाले नाही, हेच त्याचे मूळ आहे. दरम्यान ज्यांना परवडते त्यांनी घरोघरी जलशुद्धीकरण यंत्रे बसविली आहेत, आणि ज्यांना परवडत नाही ती कुटुंबे वीस लिटरचा जार विकत घेतात अथवा हातपंपाचेच पाणी पितात.