व्होल्ट, अँपिअर व वॉट (घरगुती वीज)
विजेचा दाब व्होल्टमध्ये, प्रवाह अँपिअरमध्ये आणि शक्ती वॉटमध्ये मोजतात. गिझर, इस्त्री अशा तापणाऱ्या उपकरणांत दाब गुणिले प्रवाह म्हणजे शक्ती. भारतात घरगुती पुरवठा 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचा आहे. त्यावर 2,000 वॉटचा गिझर सुमारे 8.7 अँपिअर घेतो. म्हणून त्याला 6 नव्हे, 16 अँपिअरचे सॉकेटच हवे. हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते.

इंदापूर तालुक्यातील लासुर्णे हा उसाचा, बागायतीचा परिसर. अशा भागात शेतपंपांचा भार एकदम आला, की लांब तारांमध्येच दाब खर्ची पडतो आणि लाइनीच्या टोकाच्या घरातला बल्ब मंदावतो. दाब 180 व्होल्टवर उतरला, तर तोच गिझर जेमतेम 1,225 वॉट देतो, कारण शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. पाणी उशिरा तापते, एवढेच. मोटरीचे तसे नाही. तिच्यावरचा भार फारसा कमी होत नाही, म्हणून ती जादा अँपिअर ओढते. वाइंडिंग तापते आणि अखेर जळते. हे टाळण्यासाठी स्टार्टरमधील ओव्हरलोड रिले मोटरीच्या पाटीवरील अँपिअर पाहूनच लावावा. अंदाजाने कधीही नाही.

उडालेल्या फ्यूजच्या जागी जाड तार घालणे घातक आहे: मग फ्यूजऐवजी घराची वायरिंगच वितळते. एमसीबी वायरिंगचे रक्षण करते. शॉकपासून माणसाला वाचवण्यासाठी 30 मिलिअँपिअर गळतीवर पुरवठा तोडणारी आरसीसीबी वेगळी लागते.