कुरणांसाठी मलगाळ व जैवकोळसा

शहरांच्या वाहितमलावर संस्करण केल्यावर मागे राहणाऱ्या कार्बनी घनपदार्थास मलगाळ म्हणतात. लाकूड, पेंढा, शेण इ. जैव पदार्थ अपुऱ्या हवेत सु. ३५०° ते ७००° से. तापमानास तापवून जमिनीत मिसळण्यासाठी तयार केलेला कोळसा म्हणजे जैवकोळसा होय. मलगाळातून गवतांना नायट्रोजन व फॉस्फरस मिळतात. जैवकोळसा पोषणापेक्षा जमिनीची धारणक्षमता वाढविण्यास व आम्लता कमी करण्यास उपयोगी पडतो. बहुवर्षायू गवतांचे कुरण दरवर्षी नांगरले जात नाही, त्यामुळे घातलेला पदार्थ पृष्ठभागीच राहतो. चरताना जनावरांच्या पोटात गवताबरोबर थोडी मातीही जाते. म्हणून मलगाळातील अपायकारक द्रव्ये दूध व मांस यांत उतरण्याचा मार्ग कुरणात शेतापेक्षा जवळचा असतो. या पद्धतीच्या इतिहासात लाभ व धोका यांचा हा संबंध पुनःपुन्हा आढळतो.

वाहितमलाची कुरणे : मैला कुजवून केलेले सोनखत भारतात व चीनमध्ये पूर्वीपासून परिचित होते. यूरोपात एडिंबरोजवळील क्रेगेंटिनी येथील कुरणांना अठराव्या शतकापासून शहराचे सांडपाणी दिले जाई. तेथील गवत वर्षातून अनेकदा कापून शहरातील दुभत्या गाईंना घालीत. इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉझ व जॉन टॉमस वे यांनी १८६१–६४ या काळात रग्बी येथे सांडपाण्यावरील गवताचे उत्पादन व त्यावर पोसलेल्या जनावरांची वाढ मोजली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नचा वाहितमल १८९७ पासून वेरिबी येथील शेतजमिनीवर सोडण्यात येऊ लागला. जमीन भिजविणे, वाळू देणे व मग तीवर गुरे-मेंढ्या चारणे असा क्रम तेथे शंभरावर वर्षे चालला. अशा कुरणांत पट्टकृमींची अंडी गुरांपर्यंत पोहोचण्याचा धोका असल्याने जनावरांच्या मांसावर लक्ष ठेवणे आवश्यक ठरते.

मलगाळाचा स्वतंत्र उपयोग : एडवर्ड आर्डर्न व विल्यम लॉकेट यांनी १९१४ मध्ये मँचेस्टर येथे सक्रियित गाळाची पद्धत मांडली. तीमुळे शहरांजवळ गाळ मोठ्या प्रमाणात साचू लागला. अमेरिकेतील मिलवॉकी शहराने तो वाळवून १९२६ पासून ‘मिलॉर्गनाइट’ या नावाने हिरवळींसाठीचे (लॉनसाठीचे) खत म्हणून विकला. न्यू मेक्सिकोतील रीओ प्वेर्को खोऱ्यात १९८५ मध्ये ऱ्हास पावलेल्या चराऊ रानावर हेक्टरी २२·५ ते ९० टन गाळ पसरण्यात आला. तेथे ब्लू ग्रामा या स्थानिक गवताची वाढ सुधारली. समुद्रात गाळ टाकणे १९९२ मध्ये बंद झाल्यावर न्यूयॉर्कचा गाळ रेल्वेने टेक्ससमधील सिएरा ब्लांका येथील रुक्ष चराऊ भूमीवर नेण्यात येऊ लागला व २००१ पर्यंत हे चालले. महानगराची घाण दूरच्या गरीब वस्तीने का सोसावी, हा प्रश्न तेथील विरोधातून पुढे आला.

दोष व निर्बंध : इंग्लंडमधील वोबर्न येथे १९४२–६१ मध्ये गाळ दिलेल्या जमिनीत जस्त, तांबे, कॅडमियम इ. धातू वीस वर्षांनंतरही वरच्या थरात आढळले. तेथे पांढऱ्या क्लोव्हरच्या मुळांवरील नायट्रोजन स्थिर करणारे ऱ्हायझोबियम जंतू निष्प्रभ झाल्याचे १९८० नंतरच्या दशकात दिसून आले. गवत व क्लोव्हर यांच्या मिश्र कुरणात क्लोव्हर हाच नायट्रोजनाचा नैसर्गिक स्रोत असल्याने ही हानी गंभीर मानली गेली. यूरोपीय समुदायाच्या १९८६ च्या निदेशानुसार गाळ दिल्यावर किमान तीन आठवडे चराई वर्ज्य ठरली. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमांनी, रोगजंतू अंशतःच कमी केलेल्या गाळासाठी ही मुदत ३० दिवस ठेवली. मुदतीमुळे रोगजंतूंचा धोका घटतो. मात्र न विघटणाऱ्या द्रव्यांवर तिचा उपाय चालत नाही. मेन राज्यात पूर्वी गाळ दिलेल्या जमिनींवरील चाऱ्यातून गाईंच्या दुधात फ्ल्युओरीनयुक्त चिवट रसायने आढळली व त्या राज्याने २०२२ मध्ये शेतजमिनीवर मलगाळ घालण्यास बंदी केली.

जैवकोळसा : ॲमेझॉन खोऱ्यात मूळ रहिवाशांनी कोळसा, हाडे व कचरा यांनी समृद्ध केलेल्या काळ्या जमिनी आढळतात. डच मृदावैज्ञानिक व्हिम सोम्ब्रूक यांनी १९६६ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी जैवकोळशाच्या संशोधनास चालना मिळाली. या जमिनी पिकांच्या होत्या, कुरणांच्या नव्हेत. म्हणून तेथील अनुभव कुरणास जसाच्या तसा लागू पडत नाही. कोकणातील राब पद्धतीशीही जैवकोळशाची गल्लत करू नये. राबात मुख्यतः राख मिळते. न नांगरलेल्या कुरणात कोळसा खोलवर पोहोचविणे कठीण असते. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यावर उपाय म्हणून तो गुरांच्या खाद्यात मिसळण्यात आला व शेणाबरोबर शेणभुंग्यांनी तो जमिनीत नेला.

संयुक्त उपयोग : केवळ कोळसा दिल्यास जमिनीतील उपलब्ध नायट्रोजन काही काळ अडकून गवत पिवळे पडू शकते, मलगाळ ही उणीव भरून काढतो. उलट गाळातील काही धातू व नायट्रेट कोळसा धरून ठेवतो. गाळाचाच कोळसा केल्यास रोगजंतू नष्ट होतात, पण बराच नायट्रोजन उडून जातो व बहुतेक धातू उरलेल्या कोळशात अधिक संहत होतात. नायट्रोजनाच्या गरजेनुसार गाळ दिल्यास फॉस्फरस गरजेपेक्षा जास्त साचतो. एकदा मिसळलेला कोळसा वा धातू परत काढता येत नाही. यास्तव गाळाचे रासायनिक परीक्षण आधी करणे, मात्रा मृदापरीक्षणावरून ठरविणे आणि कारखान्यांचे सांडपाणी मुळातच वेगळे ठेवणे, या तीन गोष्टींवर या पद्धतीची सुरक्षितता अवलंबून आहे.