रीलोडिंग डाय
रीलोडिंग डाय : वापरलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी पुन्हा भरण्याजोगी करणारा पोलादी साचा. अमेरिकेत रायफलीची काडतुसे घरी भरण्याचा छंद रूढ आहे. तेथील आरसीबीएस (स्थापना १९४३, संस्थापक फ्रेड हंटिंग्टन) ही या साच्यांची नामांकित उत्पादक कंपनी होय.

बार उडताना पुंगळी फुगून रायफलीच्या चेंबरचा (काडतूस बसण्याच्या खोबणीचा) आकार घेते. डायच्या संचातील पहिला डाय तिला मापात आणतो व जुना प्रायमर (बार पेटवणारी टोपी) बाहेर ढकलतो. दुसरा नवी गोळी ठरावीक खोलीवर बसवतो. ७/८ इंच व्यास व इंचाला १४ आटे हे माप सर्वमान्य असल्याने बहुतेक डाय कोणत्याही कंपनीच्या प्रेसवर (डाय बसवून पुंगळी दाबण्याच्या यंत्रावर) बसतात.

निवड रायफलीवर व उपयोगावर ठरते. पूर्ण-लांबीचा डाय सबंध पुंगळी दाबतो. अर्धस्वयंचलित रायफल, शिकार किंवा एकाहून अधिक रायफली असल्यास तोच विश्वसनीय. नेक डाय केवळ पुंगळीची मान (गोळी धरणारा तोंडाकडील भाग) आवळतो. त्यामुळे पितळ कमी ताणले जाते, मात्र पुंगळी जिच्यातून झाडली गेली त्याच बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीत वापरावी लागते व कालांतराने पूर्ण मापात आणावीच लागते. अचूक नेमबाजीसाठी बुशिंग डाय घेतात. त्यातील बदलता येणाऱ्या कड्यांमुळे मानेची गोळीवरील पकड नेमकी राखता येते. बाटलीच्या आकाराच्या पुंगळ्यांना वंगण आवश्यक असते, अन्यथा त्या डायमध्ये अडकतात.