तोडा, टोपी, काडतूस : बंदुकीचे शब्द आणि आपले पूर्वज



शुक्रवारी दुपारी नातू सैन्यातून रजेवर घरी येतो, खांद्यावरची बंदूक सांभाळून ठेवतो आणि आजीच्या हातचे जेवण मागतो. हे दृश्य आपल्या घरांना नवे नाही. अशा वेळी आजोबा कुतूहलाने जवळ येऊन विचारतात, ‘हिचा घोडा कोणता? काडतुसे किती मावतात?’ नातू हसतो. त्याला ‘हेदेक’ ठाऊक आहे, ‘घोडा’ ठाऊक नाही. त्याला ‘कादूर’ समजतो, ‘काडतूस’ समजत नाही. दोघेही एकाच वस्तूविषयी बोलत असतात, पण एकाचे शब्द दुसऱ्याच्या कानावरून निघून जातात.

वरवर पाहता ही बाब क्षुल्लक आहे. परंतु आजोबांचे हे शब्द केवळ मराठी भाषेचे नव्हेत. ते आपल्या पूर्वजांच्या एका व्यवसायाचे शब्द आहेत. कोकणातील शनिवार तेल्यांची मुले अठराव्या शतकाच्या मध्यानंतर घाणा सोडून मुंबईस आली आणि कंपनी सरकारच्या पलटणींत दाखल झाली. नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार अशा पायऱ्या त्यांनी चढल्या. आपल्या लहानशा संख्येच्या मानाने मुंबई फौजेच्या देशी अधिकाऱ्यांत त्यांचे प्रमाण फार मोठे होते. त्यांच्या हातातील बंदूक जसजशी पालटत गेली, तसतसे शब्दही पालटत गेले. ते शब्द ओळीने मांडले, तर त्या सैनिकांचा इतिहासच आपल्यापुढे उभा राहतो.

प्रथम ओळख

ज्यांना या विषयाची मुळीच माहिती नाही, त्यांच्यासाठी आरंभ सोप्या शब्दांपासून करू. बंदुकीचा जो पोकळ लोखंडी भाग, ती नळी. खांद्याला टेकवावयाचा लाकडी भाग, तो दस्ता किंवा कुंदा. नळीच्या टोकावर नेम धरण्यासाठी जो बारीक उंचवटा असतो, ती माशी. नळीच्या टोकाशी जोडावयाचे पाते, ती संगीन. जुन्या बंदुकीत दारू व गोळी तोंडाकडून घालून लांब सळईने ठासावी लागत असे. त्या सळईस गज म्हणत आणि अशा बंदुकीस ठासणीची बंदूक. कोकणातील शिकाऱ्यांच्या तोंडी हा शब्द अगदी अलीकडेपर्यंत ऐकू येत असे.

आता ‘बंदूक’ हाच शब्द घ्या. अरबी भाषेत ‘बुंदुक’ म्हणजे एक कठीण कवचाचे लहान फळ. त्यावरून गलोलीसारख्या धनुष्यातून मारावयाच्या गोळीस तेच नाव पडले आणि पुढे गोळी झाडणाऱ्या हत्यारासही. ‘तोफ’ हा शब्द तुर्की आहे. त्याच्या मुळाशीही गोल वस्तूचाच अर्थ आहे. ‘काडतूस’ आणि ‘पिस्तूल’ हे शब्द पोर्तुगिजांनी आणले. चौल, वसई आणि गोवे येथे त्यांची ठाणी होती, तेव्हा हे शब्द कोकणपट्टीस फार दूरचे राहिले नाहीत. ‘फैर’ ही इंग्रजांची देणगी. एका हत्याराच्या नावांत अरब, तुर्क, फिरंगी आणि इंग्रज असे सगळे एकत्र बसलेले आहेत.

तोडा आणि चकमक

बंदूक चालते ती ठिणगीवर. ती ठिणगी कशी पाडावयाची, यावरून बंदुकांचे प्रकार ठरले. सर्वांत जुनी ती तोड्याची बंदूक. तोडा म्हणजे हळूहळू जळत राहणारी दोरी. नळीच्या मागील अंगास एक बारीक छिद्र असे, त्यास कान म्हणत. कानापाशी घातलेल्या चिमूटभर दारूस रंजक म्हणत. जळता तोडा रंजकीस लागला की ती भडके आणि कानावाटे आग आत शिरून बार उडे. शिवकालात आणि पेशवाईत हीच बंदूक सर्वत्र होती. तिचा दोष असा की तोडा सतत पेटता ठेवावा लागे, रात्री त्याचे निखारे शत्रूस दिसत आणि पावसात सारा खेळ आटोपे.

आपले पूर्वज कंपनीच्या चाकरीस लागले, तेव्हा त्यांच्या हाती आली ती चकमकीची बंदूक. हिच्यात तोड्याऐवजी गारेचा तुकडा असे. तो ज्या वाकड्या अवजारात पकडलेला असे, त्यास घोडा म्हणत, आणि बोटाने ओढावयाच्या कळीस चाप. पुढे या दोन शब्दांची सरमिसळ झाली. आपण आज ‘घोडा दाबला’ म्हणतो, तेव्हा आपल्याला चापच अभिप्रेत असतो. कंपनीसाठी घडविलेल्या या बंदुकीची नळी ३९ इंचांची, नळीचे भोक पाऊण इंचाचे आणि वजन सुमारे १० पौंड असे. इंग्रज शिपाई तिला ‘ब्राऊन बेस’ म्हणत. १७९० नंतरच्या दशकात युद्धाच्या निकडीमुळे खुद्द इंग्लंडच्या सैन्यानेही कंपनीचा हा नमुना स्वीकारला.

तिची कवाईत आपल्या पूर्वजांनी किती वेळा केली असेल! कमरेच्या तोसदानातून कागदी काडतूस काढावयाचे, दातांनी फाडावयाचे, थोडी दारू रंजक म्हणून घालावयाची, उरलेली नळीत ओतावयाची, गोळी व कागद गजाने ठासावयाचा, घोडा चढवावयाचा आणि चाप ओढावयाचा. निष्णात शिपाई एका मिनिटात तीन बार काढी. शंभर यार्डांपलीकडे नेम असा उरतच नसे. म्हणूनच शिपायांना खांद्याला खांदा लावून एका रांगेत उभे करीत आणि हुकमासरशी एकदम फैर झाडीत. मुंबईतील आपले पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर याच काळातले. टिपूच्या कैदेतून सुटल्याबद्दल त्यांनी ते बांधले, ही परंपरा आपल्या घरोघरी सांगितली जाते. त्यांच्या पलटणींची बंदूक ती हीच.

टोपी, चर आणि चरबी

चकमकीस पावसाळ्याचे वावडे होते. रंजक भिजली की बार फुसका. यावर उपाय शोधला तो फॉर्साइथ नावाच्या एका स्कॉटिश धर्मोपदेशकाने. आघाताने पेट घेणाऱ्या रसायनाचा उपयोग करण्याचे पेटंट त्याने १८०७ साली घेतले. त्यातून पुढे तांब्याची इवलीशी टोपी निघाली. घोडा टोपीवर आदळला की ठिणगी थेट आत जाई. १८४० च्या सुमारास ही टोपीची बंदूक इंग्रजी फौजेत आली आणि तोडा, चकमक, रंजक हे शब्द हळूहळू मागे पडले.

यानंतरचा शब्द रायफल. साध्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलीच्या नळीत पिळदार चर कोरलेले असतात. त्यांतून जाताना गोळी भोवऱ्याप्रमाणे स्वतःभोवती फिरू लागते आणि फिरणारा भोवरा जसा सरळ उभा राहतो, तशी ती आपली वाट सोडीत नाही. १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल तीन चरांची होती. तिने शंभर यार्डांची मर्यादा कित्येक पटींनी वाढविली.

हिच्याच काडतुसांवरून १८५७ साली वणवा पेटला, हे सर्वश्रुत आहे. काडतुसास गाईची व डुकराची चरबी लावलेली आहे, असा बोभाटा झाला आणि काडतूस तर दातांनी फाडावयाचे! डुकराची चरबी मुसलमानांस जितकी निषिद्ध, तितकीच ती आपल्या पूर्वजांसही निषिद्ध होती. कोल्हापुरास २७ व्या पलटणीने त्या वर्षी जुलैत उठाव केला. तथापि मुंबई फौजेचा मोठा भाग सरकारशी एकनिष्ठ राहिला आणि आपले लोकही राहिले. त्या दिवसांत काडतूस ओठांपाशी नेताना त्यांच्या मनात काय आले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

एक पायरी मागे

त्या निष्ठेचे फळ काय मिळाले? बंड मोडल्यावर देशी पलटणींसाठी बंदुकीचा एक वेगळा नमुना काढण्यात आला. बाहेरून ती एन्फिल्डसारखीच दिसे, पण आत चर नव्हते. नळी पुन्हा गुळगुळीत. म्हणजे देशी शिपायास बंदूक द्यावयाची, परंतु दूरचा नेम द्यावयाचा नाही. काही डोंगरी तोफखाने सोडले, तर तोफाही देशी लोकांच्या हातून काढून घेण्यात आल्या. बंड करणारे आणि न करणारे असा भेद या बाबतीत करण्यात आला नाही.

पुढे हा नियमच होऊन बसला. १८६६ साली स्नायडर रायफल आली. हिच्यात काडतूस मागून भरता येई. ठासणी संपली आणि गज उरला तो नळी पुसण्यापुरता. १८६७-६८ च्या अबिसिनियाच्या मोहिमेत मुंबई फौजेचा मोठा वाटा होता. तेथे गोऱ्या पलटणींच्या हाती स्नायडर होती, तर देशी शिपायांच्या हाती ठासणीच्याच बंदुका होत्या. १८७१ साली मार्टिनी-हेन्री रायफल गोऱ्या सैन्यासाठी मुक्रर झाली. मग जुन्या झालेल्या स्नायडर देशी पलटणींकडे आल्या.

२७ जुलै १८८० रोजी कंदाहारजवळ मैवंद येथे सुमारे अडीच हजारांच्या इंग्रजी फौजेचा अयूबखानाने पराभव केला. नऊशेहून अधिक माणसे पडली. त्या रणांगणावर गोऱ्या ६६ व्या पलटणीजवळ मार्टिनी-हेन्री होत्या. मुंबई ग्रेनेडियर आणि जेकब्स रायफल्स या मुंबईच्या पलटणींजवळ स्नायडर होत्या. पराभवाची कारणे अनेक होती, सर्व दोष बंदुकीवर टाकणे न्याय्य होणार नाही. परंतु ऊन तेच, शत्रू तोच, मरणही तेच असता हत्यार मात्र वेगळे, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही.

त्यानंतर थोड्याच वर्षांत जातवार भरतीची पद्धत रूढ झाली. ‘लढाऊ जाती’ म्हणून ज्यांची निवड झाली, त्यांत आपले नाव नव्हते, आणि आपल्याच लोकांची स्वतंत्र कंपनी उभारण्याइतकी आपली संख्याही नव्हती. जेथे सुभेदारीपर्यंत चढता येत असे, तेथे आता शिरकावही कठीण झाला. सुभेदारांचे मुलगे रेल्वेत, पोस्टात, इस्पितळांत आणि सरकारी कचेऱ्यांत गेले. मोजके लोक पुढेही सैन्यात होते, पण पिढीजात पेशा म्हणून बंदूक आपल्या घरांतून गेली. घरात राहिले ते केवळ शब्द.

नवे हत्यार, जुने शब्द

येथे आल्यावर बंदूक पुन्हा आपल्या घरी आली. आपल्यापैकी अनेकांनी सक्तीच्या सेवेत उझी हाताळली असेल. उझीएल गाल यांची ही रचना १९५० च्या दशकात सैन्यात आली आणि २००३ पर्यंत राहिली. हत्याराबरोबर शब्दही आले, आणि गंमत अशी की हे नवे शब्द फार जुने आहेत.

‘रोवे’ म्हणजे रायफल. उत्पत्तीच्या २१ व्या अध्यायात इश्माएल तिरंदाज झाला असे सांगताना हाच शब्द येतो. ‘एकदाख’ म्हणजे पिस्तूल. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात तो तेजस्वी रत्नाचा वाचक आहे. ‘कादूर’ म्हणजे चेंडू आणि गोळीही, जशी आपली ‘गोळी’ गोल वस्तूवरून आली तशीच. ‘काने’ म्हणजे नळी, मूळ अर्थ बोरू. आणि आपल्या ‘नळी’च्या मुळाशी जो संस्कृत ‘नल’ आहे, त्याचाही अर्थ बोरूच. दोन्ही भाषांनी एकाच पोकळ काडीकडे पाहून हे नाव दिले! काडतुसे ठेवण्याच्या पेटीस ‘माख्सानित’ म्हणतात. ‘माख्सान’ म्हणजे कोठार. इंग्रजी ‘मॅगझिन’ ज्या अरबी शब्दावरून आला, त्याचाही अर्थ कोठार, आणि त्याच अरबी धातूवरून आपला ‘खजिना’ आला आहे. म्हणजे आजोबा आणि नातू यांच्यामधील भिंत दिसते तितकी जाड नाही.

म्हणून एक विनंती. आपल्या घरी पणजोबांचे एखादे पदक असल्यास त्याची कड भिंग घेऊन पाहावी. इंग्रजी पदकांच्या कडेवर बहुधा नाव, हुद्दा व पलटण कोरलेली असते. पदक अबिसिनियाचे असेल, तर त्यांच्या हाती ठासणीची बंदूक होती असे मुलांना सांगा. अफगाणिस्तानचे असेल, तर स्नायडर. तिच्याहून चांगली बंदूक शेजारच्या रांगेत होती आणि तरीही ते आपल्या जागी उभे राहिले, हेही सांगा. आणि येत्या शुक्रवारी नातवाने ‘हेदेक’ म्हटले की आजोबांनी ‘चाप’ म्हणावे. एका शब्दास दोन नावे असली तर घराचे काही नुकसान होत नाही. जुने नाव विसरले, तर मात्र ते उच्चारणारा माणूसही विसरला जातो.